डाव्या नळीची काच

सन १९३८. मी सहासष्ट वर्षांचा, आणि कादर माझ्याहून चार महिन्यांनी लहान. तो गेल्याची बातमी मला सांगितली कुणी, तर एका वकिलानं. साठ वर्षांची आमची दोस्ती, आणि मला कळवणार कोण, तर गळ्यात नवी विलायती दुर्बीण अडकवून सकाळी नाशकाच्या गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फिरणारा माणूस, ज्याला टिटवी आणि तित्तर यांतला फरक कादरनं तीनदा समजावून सांगितला होता. "तुमचे ते बुकबाइंडर वारले म्हणे, घोटीला, मुलीकडे," एवढं बोलून तो पुढं चालू लागला. मी हातातला तांब्या खाली ठेवला. ठोका अर्धा राहिला होता, तो अजून अर्धाच आहे.

मी तांबट. इयत्ता दुसरीनंतर मास्तरांचं आणि माझं जमलं नाही, त्यामुळं हे लिहिताना कुठं चुकलं असेल तर ज्यांना फार येतं त्यांनी मनात सुधारून घ्यावं. कादर भद्रकालीत वह्यापुस्तकांना जिल्द बांधायचा. शहरातले निम्मे शहाणे ज्या पुस्तकांच्या जिवावर शहाणपण मिरवतात, त्यांची पाठ त्यानं शिवलेली आहे, हे त्या शहाण्यांच्या गावीही नसतं. त्याला पाखरांचं वेड लागलं तेही जिल्दीपायीच. देवळालीच्या छावणीतल्या एका साहेबानं पक्ष्यांच्या रंगीत चित्रांचं जाडजूड पुस्तक बांधायला टाकलं. कादरनं ते चार दिवसांत बांधलं आणि महिनाभर परत केलं नाही. रोज एक पान उघडायचा, दुकान बंद करून आनंदवल्लीच्या अंगाला नदीकाठी जायचा आणि त्या पानावरचं पाखरू शोधायचा. मी म्हणायचो, पाखरू म्हणजे पाखरू, पोट भरतं आणि उडतं. त्यात बघायचं काय? तो म्हणायचा, तांब्या म्हणजे तांब्या, मग तू शेजारच्या आळीतल्या तांब्याला नावं का ठेवतोस? या माणसाला उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

पण पाखरू लांब बसतं आणि साठीनंतर नजर तेवढी पोचत नाही. सन चौतीसच्या हिवाळ्यात त्यानं ठरवलं, दुर्बीण घ्यायची. मुंबईच्या दुकानातली नवी म्हणजे त्याची सहा महिन्यांची कमाई. वकिलानं त्याला बरंच ज्ञान पाजलं... विलायतीच घ्या, अमक्या कंपनीचीच घ्या, नाहीतर घेऊच नका. ज्याच्या बापानं पैसा ठेवला त्याला 'घेऊच नका' म्हणणं सोपं असतं. आम्ही गेलो बुधवारच्या बाजारात. तिथं नदीच्या वाळूत गोणपाट पसरून छावणीचं भंगार विकतात, बूट, बादल्या, कंदील आणि साहेबानं टाकलेलं काहीही. विकणारा म्हणाला, साहेबाची चीज आहे. मी म्हटलं, साहेबानं टाकली म्हणूनच तुझ्या गोणपाटावर आली ना.

दोन दुर्बिणी होत्या. एक काळी, हलकी, दिसायला ऐटबाज. दुसरी पितळेची, जड, हिरवट मळ चढलेली. मी दोन्ही नळ्यांवर बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. काळी खोकल्यासारखी वाजली, पितळेची घुमली. भांडं असो की दुर्बीण, धातू खोटं बोलत नाही. कादरची परीक्षा निराळी होती. पलीकडच्या देवळाच्या शिखराची कड दुर्बिणीतून सरळ दिसली पाहिजे. जिल्द बांधणाऱ्याला वाकडी कड दिसली की पोटात दुखतं. काळ्या दुर्बिणीतून त्याला एका कडेच्या दोन कडा दिसल्या. पितळेचीतून एकच, दोऱ्यानं आखल्यासारखी. तो बराच वेळ दुर्बीण खाली करेना. मग हळूच म्हणाला, "सख्या, कळसावर घार बसलीये. तिचा डोळा दिसतो." तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं की जणू ती घार त्यानंच घडवली. मला म्हणाला, बघ. मी म्हटलं, माझी नजर शाबूत आहे, मला असल्या कुबड्या लागत नाहीत.

वस्तू बरोबर निवडली आम्ही, दोघांनी मिळून. ती नासवायला एकच पुरला.

माझ्या हातून मळकं पितळ कधी कुणाच्या घरी गेलेलं नाही. कादर दुर्बीण तशीच नेत होता, मी हिसकावून घेतली. म्हटलं, उद्या घेऊन जा, ओळखू येणार नाही. दुसऱ्या दिवशी चिंच घेतली, चाळलेली राख घेतली आणि बसलो. नळ्या सोन्यासारख्या झाल्या. मग डाव्या नळीची पुढची मोठी काच दिसली, तिच्यावरही डाग होते. अर्धवट काम मला खपत नाही. चिंच, राख आणि हाताचा जोर... भांड्याला लावतो तोच. काच थोडी पांढुरकी दिसली, पण मला वाटलं राख बसली असेल, कोरड्या फडक्यानं निघेल. उजव्या काचेला राख लावणार तेवढ्यात कादर दुकानाच्या पायरीवर आला. त्यानं काचेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दुर्बीण माझ्या हातातून सावकाश काढून घेतली आणि म्हणाला, "बस झालं, सख्या. उजवी राहू दे. फार चकाकली तर पाखरं बुजतील."

आता बघा, मी याचा अर्थ काय घेतला. मी याला आभार समजलो. आठ दिवसांनी त्यानं माझ्या सोन्यासारख्या पितळेवर काळं चामडं चढवलं, जिल्दीसारखं, शिवण दिसणार नाही असं, तेव्हा मात्र मी संतापलो. गाढवाला गुळाची चव काय, असं त्याच्या तोंडावर म्हटलं आणि दोन महिने त्याच्या दुकानावरून तोंड फिरवून गेलो. शेवटी तोच आला, आपणहून. दरवेळी तोच यायचा.

त्यानंतर चार वर्षं तो एक डोळा मिटून बघायचा. डावा डोळा घट्ट मिटलेला, दुर्बीण उजव्याला टेकवलेली, तोंड वाकडं. मी त्याला काण्या म्हणायचो. गंगेवरची पोरं म्हणायची, वकीलही हसायचा. कादरही हसायचा. कधीतरी दुर्बीण माझ्यापुढं धरायचा, "उजव्या डोळ्याला लाव, सख्या, एकदाच." मी हात झटकायचो. माझी नजर शाबूत होती ना.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी वाचनालयाच्या खोलीत शोकसभा झाली. जिवंतपणी ज्यांनी त्याला बाहेरच्या ओट्यावर बसवून जिल्दी घेतल्या त्यांनी आत खुर्च्यांवर बसून उसासे टाकले. वकील बोलला. म्हणाला, गरीब कारागीर, पण निसर्गाची ओढ, आणि एक डोळा मिटून बघण्याची त्यांची ती गमतीशीर लकब आपण कसे विसरू. सगळे गोड हसले. मीही हसलो. खोटं कशाला लिहू.

त्याच संध्याकाळी कादरची लेक जैनब घोटीहून आली. जुन्या पोलक्याच्या कापडात बांधलेली दुर्बीण माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "चाचा, अब्बा बोलले होते, ही सखारामला दे. आणि त्याला सांग, घासू नको."

एवढं सांगताना ती हसली, कारण तिला ते बापाचं नेहमीचं चेष्टेचं बोलणं वाटलं. तिला चहा दिला, ती गेली. मग मी दारात उभा राहून आयुष्यात पहिल्यांदा दुर्बीण डोळ्यांना लावली. समोरच्या माडीचं कौल उजव्या डोळ्याला असं दिसलं की त्यावरचं शेवाळ मोजावं. डाव्या डोळ्याला ताक. नुसतं पांढरं, ढवळलेलं ताक. फडक्यानं पुसलं. परत पुसलं. मग काच उजेडात तिरकी धरली आणि तिच्यावरचे ओरखडे पाहिले, गोल गोल, एकाच दिशेचे. तो हात मला ओळखू येणार नाही होय? पन्नास वर्षं परातींच्या बुडावर तोच फिरतोय. चार वर्षं माणूस माझ्या हाताच्या ओरखड्यांपायी एका डोळ्यानं बघत होता, आणि मी त्याला काण्या म्हणत होतो. नाशकातल्या सगळ्या शहाण्यांना मी आतापर्यंत नावं ठेवली. त्यांच्यात माझ्याइतका बिनडोक एकही निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली नाही. दुर्बीण गळ्यात घातली आणि आनंदवल्लीच्या बाजूला, कादर ज्या खडकावर बसायचा तिथं गेलो. वकील आपल्या नव्या दुर्बिणीसह उभाच होता, बरोबर सभेतले दोघेतिघे. मी माझी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, उजवा डोळा मिटा, डाव्यानं बघा. त्यानं पाहिलं. "नदीवर धुकं आहे हो," म्हणाला.

"धुकं नाही," मी म्हटलं. "ती काच मी राखेनं घासली. कादरची लकब नव्हती ती."

मी दुर्बीण परत घेतली, खडकावर बसलो, डावा डोळा मिटला. पलीकडच्या काठावर चिखलात एक लांब तांबड्या पायांचं पाखरू चालत होतं, एकेक पाऊल बघून टाकत. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. वकिलानं सांगायला तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला गप्प केलं.