पाण्याकाठची काडी

जगात जे जे वाकडं आहे ते ते सरळ करूनच डोळे मिटायचे, असा पण केलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि माझं नशीब असं फुटकं की नागपूरच्या वसतिगृहात तो नेमका माझ्याच खोलीत राहायला आला. गाव त्याचं आरमोरी. अंगानं किडकिडीत, स्वभावानं देवमाणूस, पण नजर सदा तिरप्या वस्तूच्या शोधात. माझी उशी, माझी दऊत, माझ्या चपला, एवढंच काय, झोपेत माझे वाकडे झालेले पायसुद्धा तो सरळ करून ठेवी. कोणाच्या घरी गेला तर 'नमस्कार' म्हणायच्या आधी भिंतीवरच्या तसबिरी नीट करी. एकदा सुट्टीत तो माझ्या घरी चांद्याला आला. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदा म्हणत असू. देवळात आरती चालली होती आणि हा बाहेर राहिला. मला वाटलं, गर्दीचा त्रास होत असेल. आरती संपवून लोक बाहेर आले तर दोन-अडीचशे चपला-जोडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडलेले, बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू! आमच्या शेजारचे काका एक पाय स्वतःच्या जोड्यात आणि एक व्याह्याच्या जोड्यात घालून घरी गेले. त्याच संध्याकाळी मी त्याला गावाचा परकोट दाखवला, तर हा जेवला नाही. एवढी मोठी भिंत आणि एका रेषेत नाही, याचं त्याला मनापासून दुःख झालं होतं.

अशा माणसाला परदेश पाहायचा होता. विलायतेचे नकाशे, जहाजांची वेळापत्रकं आणि कोऱ्या पानांची एक जाड वही त्यानं ट्रंकेत जपून ठेवली होती. वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात 'माझा परदेशप्रवास' असं लिहिलेलं, पुढे सगळं पांढरं. आणि नवरात्राच्या आधी घरून पत्र आलं की शिक्षण पुरे झालं. आलापल्लीकडे लाकडाच्या आगारात जागा ठरली आहे, दसरा झाला की चार-पाच दिवसांत कामावर हजर व्हायचं. पत्र वाचून त्यानं त्याची घडी घातली, घडी तिरपी आली म्हणून पुन्हा घातली, आणि मला म्हणाला, "एकदा त्या आगारात शिरलो का मी काही बाहेर येत नाई. त्याच्या आधी परदेश पाहून येऊ. सिरोंच्याले जाऊ, नदी ओलांडून पलीकडे."

मी म्हटलं, बाबा रे, पलीकडे हैदराबाद राज्य आहे, तो काय परदेश झाला? त्याचं उत्तर तयार होतं. मधात पाणी आडवं आलं की झाला परदेश, विलायतेचं तरी दुसरं काय आहे! या हिशेबानं आमचं वसतिगृह आणि खानावळ यांच्यामध्येही एक नाली आडवी होती, पण मी सिरोंच्याच्या मोटारीची चौकशी करायला निघालो. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

दसऱ्याच्या सुट्टीत निघालो. पाऊस संपला असं सगळं जग म्हणत होतं, आणि आम्ही मोटारीत पाय ठेवला आणि तो परत आला. चांद्याहून सिरोंच्याला पोचायला आम्हाला तीन दिवस लागले. दर नाल्यावर मोटार थांबायची, पाणी उतरेपर्यंत आम्ही सागाच्या पानांची खोळ डोक्यावर घेऊन रस्त्यात उभे. अंगावर कोरडं असं काही उरलं नाही. मी कपाळाला हात लावून बसे आणि हा रस्त्याकाठचे मैलाचे दगड हलवून पाही, एखादा सरळ होतो का म्हणून. सिरोंच्यात उतरलो तर भोवती सगळे तेलुगूत बोलणारे, खानावळीत तोंडातून जाळ निघेल असं चारू नावाचं आंबट-तिखट सार. मी आशेनं म्हटलं, हाच धर परदेश आणि चल परत. तो ऐकेना. हा आपलाच जिल्हा आहे म्हणाला, तहसील आपली, मामलेदार आपला.

आणि प्राणहिता नदी! गढूळ, लाल, काठोकाठ भरलेली, मुळासकट उपटलेली झाडंच्या झाडं वाहून नेणारी. पलीकडचा काठ पावसात पुसून गेलेला. ते पाणी पाहून मी दोन पावलं मागे सरकलो. मला पोहता येत नव्हतं आणि हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. चार दिवस आम्ही धर्मशाळेच्या ओसरीवर बसून त्या नदीकडे पाहत होतो. चार दिवस! तो वहीत काहीच लिहीत नव्हता. परदेशात पाय ठेवल्यावरच लिहायचं, असं त्याचं ठरलं होतं. दर सकाळी दाढी करून, एकुलता एक कोट घालून, छत्री घेऊन तयार व्हायचा, आणि दर सकाळी होडी हाकणारा डोंगेवाला म्हातारा, ज्याला सगळे ताता, म्हणजे आजोबा, म्हणत, मान हलवून सांगायचा की आज डोंगा नाही. तिसऱ्या दिवशी मी वैतागून विचारलं, असं काय ठेवलंय रे पलीकडे? तर पावसाकडे पाहत म्हणाला, "पलीकडचं काही नाई पाहाचं मले. तिथी उभं राहून आपलं इकडचं पाहाचं आहे. दुरून कसं दिसते ते. जलमभर इथीच राहाचं आहे ना."

ताताची नजर अधू होती. आभाळाचा, पाण्याच्या रंगाचा त्याला अदमास येत नसे. त्याची रीत साधी होती आणि ती त्यानं मलाच सांगितली होती, माझा मित्र धर्मशाळेतले कंदील एका रांगेत टांगत होता तेव्हा. संध्याकाळी पाणी जिथं टेकलं असेल तिथं ताता एक काडी रोवायचा. सकाळी पाणी काडीपासून दहा पावलं खाली सरकलं असेल तर डोंगा सोडायचा, काडीलाच चिकटून असेल तर नाही. मी हे मित्राला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो छत्री उघडून रात्रभर त्या काडीपाशीच बसला असता.

पाचवा दिवस आमचा शेवटचा. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं निघणं भाग होतं, नाही तर त्याची नोकरी जायची. उजाडता उजाडता मी उठलो तर त्याची जागा रिकामी. घाटावर गेलो. पाऊस थांबला होता आणि नदी उतरली होती. काडी वर कोरड्यात उभी, पाणी चांगलं बारा-पंधरा पावलं खाली. आणि माझा मित्र, कोट घालून, त्या काडीकडे बघत होता. पाण्याकाठची काडी आणि पाण्यापासून इतकी लांब, हे त्याला कसं सहन व्हावं? त्यानं ती उपटली, खाली नेली, बरोबर पाण्याच्या कडेला रोवली, एक डोळा मिटून पाहिलं, जराशी उजवीकडे झुकली होती ती सरळ केली, आणि समाधानानं हात झटकले.

मी वीस पावलांवर उभा होतो. नुसती हाक मारायची होती. पण पाण्यातून एक अख्खं झाड फांद्या वर करून गेलं आणि मी हाक मारली नाही. ताता आला. वाकून त्यानं हातानं काडी चाचपली, मग तिच्या बुडाशी पाणी चाचपलं.

"आज नाई. डोंगा नाई सोडत."

माझा मित्र छत्री धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "काडी सरळ होती ना, ताता?"

"सरळ होती, बाप्पा," तो म्हातारा म्हणाला.

तेव्हाही मला बोलता आलं असतं. ताता तिथंच होता, डोंगा तिथंच होता. मी बोललो नाही. म्हटलं, आता जीव वाचला, उद्या घरची मोटार. परतीच्या वाटेवर त्यानं एकाही मैलाच्या दगडाला हात लावला नाही, आणि ती वही आलापल्लीला उतरताना माझ्या हातात दिली. तुले कामी येईन, म्हणाला.

दोन वर्षांनी नोकरीच्या निमित्तानं मी भर उन्हाळ्यात सिरोंच्याला गेलो आणि बैलगाडीतून नदी ओलांडली. पाणी चाकाच्या आऱ्यांपर्यंत. काम उरकून त्याच संध्याकाळी परत आलो. चांद्याला परतताना मुद्दाम त्याच्या आगारात थांबलो. काडीची गोष्ट एकदा ओकून टाकायची, असं मनाशी ठरवूनच गेलो होतो. सागाच्या ओंडक्यांच्या इतक्या सरळ थप्प्या मी आजवर कुठं पाहिल्या नाहीत. साहेब लोक म्हणे त्या पाहायला मुद्दाम वाट वाकडी करून येत. मी त्याला म्हटलं, आता नदीत पाणी नाही, तूही जाऊन ये. तर म्हणाला, चालत जाता येते त्याले परदेश कोण म्हणन? शिवाय पावसाळ्यात रजा मिळत नाही.

मग तोच माझा हात धरून थप्पीच्या आडोशाला घेऊन गेला.

"तुले एक सांगाचं होतं. ते काडी मीच हालवली होती गड्या. तिच्यावरून ताता पाणी पाहाते, हे मले का माहीत? मागून एका गाडीवानानं सांगतलं. दोन वर्षं झाली, मनातून जाऊन नाई राह्यली ते गोष्ट. माह्यासाठी एवढा भिजत आलता तू, अन् तुही सहल मी बुडवली."

घरून पाठ केलेलं एकही वाक्य बाहेर येईना. एवढंच म्हणालो, जाऊ दे.

"तिकडून आपला काठ कसा दिसते?" त्यानं विचारलं.

मी मागे वळून पाहिलंच नव्हतं. गाडीत बसून कागद चाळत गेलो होतो आणि कागद चाळत आलो होतो.

"सरळ दिसतो," मी म्हणालो. "अगदी सरळ."

"वाटलंच होतं मले." त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथं उभं राहवेना. त्यानं माझ्या सदऱ्याची वरची गुंडी लावून दिली, गळपट्टी सारखी केली, आणि आपल्या ओंडक्यांकडे निघून गेला.