पावलांनी जमीन मोजणारा

मिरजगावचा तो जमिनीचा दलाल बांधावर पोचला की आधी चपला काढतो. "पाव्हणं, जमीन पायाला कळती. मशिनीला काय कळतंय?" असं म्हणून तो पावलं मोजत चालू लागतो. जमीन विकायची असली की त्याची पावलं नव्या नवरीसारखी जवळजवळ पडतात. विकत घ्यायची असली की त्याच पायांच्या ढांगा होतात.

मी भाव पाडण्यात कुणाला ऐकत नाही. त्याचाही पाडला आणि त्याने तो हसतहसत पाडू दिला. खरेदीखत झाल्यावर मी सरकारी मोजणी आणली, तेव्हा एकरातली पाच गुंठे जमीन त्याच्या पावलांतच राहिल्याचं कळलं. जाब विचारला, तर म्हणाला, "उन्हानं जमीन आकसती, शेठ."

परवा तो स्वतःच्या घरासाठी जागा घेतोय असं कळलं. मी मुद्दाम बघायला गेलो. मोजणीदार मशीन लावून उभा होता आणि हा लिंबाच्या सावलीत, पायांत चपला घालून.

"काय हो, आज पाय दुखतात का?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

तो जराही लाजला नाही. "तसं न्हाई, शेठ. ही घरची जागा हाय. हितं अंदाजानं कसं चालंल?"