पाचवं चाक

बाई वर्गात स्वतःचे खडू आणायच्या. पर्समध्ये किल्ल्या, रुमाल आणि खडूचे तुकडे. शाळा कधी नको म्हणेल याचा नेम नाही, मग तिचे खडू कशाला झिजवा, असा त्यांचा हेका. आरमोरीहून जीपनं यायच्या आणि तासिका तत्त्वावर आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. दर जूनला बोलावणं आलं तर नोकरी, नाही तर घर.

इंग्रजी वाक्प्रचारांवर त्यांचा फार जीव, त्यातही चाकांच्या वाक्प्रचारांवर. ‘शोल्डर टू द व्हील’ म्हणजे झटून कामाला लागणं, हे आम्हाला लगेच पटलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात रुतलेलं खासर, म्हणजे बैलगाडी, सगळ्यांनीच खांदा लावून काढलेलं. ‘अस्लीप अ‍ॅट द व्हील’ शिकवताना त्या मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याला म्हणायच्या, “उठ बाबू, गाडी तूच चालवून राह्यला.”

घोटाळा झाला ‘फिफ्थ व्हील’चा. अर्थ सोपा होता, नसला तरी चालेल असा माणूस. चाचणीत अर्ध्या वर्गानं लिहिलं, अडचणीत कामी येणारा माणूस. आम्ही जंगलातल्या रस्त्यानं येणारी मुलं, मागची स्टेपनी पाहिल्याशिवाय जीपमध्ये बसत नव्हतो. बाईंनी सगळ्यांना शून्य दिलं.

“घोडागाडीच्या जमान्यातली गोष्ट हाय. चार चाकं धड असली तं पाचवं कायले?”

“पन बाई, पंक्चर झालं तं?” मी विचारलं.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “परीक्षेत मी सांगतलं तेच लिहाचं,” एवढंच म्हणाल्या.

पुढे शाळेला कायमचे सर मिळाले आणि बाईंचे तास गेले. पण सर प्रशिक्षणाला गेले, आजारी पडले की बाईंना फोन. सर परतले की बाई घरी. अशी वर्षं गेली. एकदा बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “तुमचंच उत्तर बरोबर होतं. काम झालं का पुन्हा मांगं टांगतात. आता बोलावलं तं जानार नाई.”

मला त्या शाळेचा भयंकर राग आला. “नकाच जाऊ, बाई,” मी म्हटलं.

परवा स्टँडवर जीपमध्ये बसलेल्या दिसल्या. पर्स मांडीवर.

“कुठी चालल्या, बाई?”

“शाळेत. सर रजेवर गेले, दिवाळीपरेंत.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “काय सांगता येते, लांबन बी रजा.”

भाड्याचे पैसे काढायला त्यांनी पर्स उघडली. आत खडूचा अख्खा, न फोडलेला डबा होता.