क्लचचा पाय

रेणू मेश्राम दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे, खांदे, कंबरा हलत्या करायची आणि संध्याकाळी स्वतःची कंबर धरून घरी यायची. ती फिजिओथेरपिस्ट. रिसालीहून सकाळी स्कूटरवर निघायची, हुडको वसाहतीतले पेशंट करून पुढे उतई, अंडा, गुंडरदेही या गावांपर्यंत जायची. तिथल्या म्हाताऱ्यांना रोज दुर्गला आणणं घरच्यांना जमत नसे, म्हणून तीच जाई. ट्रकांची धूळ आणि खड्ड्यांचे धक्के सोसून सोसून शेवटी तिने घरात सांगितलं की, आता जुनी का होईना, गाडी घ्यायची.

नवरा प्रवीण स्टील प्लांटमध्ये कामाला. तो सुट्टीच्या दिवशी तिला दुर्गला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात घेऊन गेला. तिथली एक लाल गाडी त्याच्या मनात भरली. चकचकीत होती आणि मीटरवर फार थोडी चाललेली दिसत होती. रेणू आत जाऊन बसली. सीट एका बाजूने पार खचलेली, क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. एवढी कमी चालली तर एवढी झीज कशी, असं तिने विचारलं. दुकानदार म्हणाला, आधीचा मालक वजनदार होता. मीटर मागे फिरवलेलं आहे हे ओळखून ती गाडीतून उतरली.

परतताना प्रवीण जरा नाराज होता. ती त्याला म्हणाली, "मले रोज शंभर किलोमीटर जायचं आहे. रंग कोण पाहून राहिलं? रस्त्यात बंद नाही पडली पाहिजे. अन् पडलीच, तर गुंडरदेहीच्या मिस्त्रीले उघडता आली पाहिजे."

हुडकोत भय्याजी बावनकर तिचे पेशंट होते. बियाण्यांच्या कंपनीसाठी ते आयुष्यभर गावोगाव फिरले होते. दिवाळीनंतर लकवा झाला आणि डावी बाजू गेली. त्यांची पांढरी छोटी पेट्रोल गाडी तेव्हापासून अंगणात कापड पांघरून उभी होती. खूप चाललेली, पण वेळच्या वेळी ऑइल बदललेली, दर पावसाळ्याआधी तपासलेली. रेणू गाडी शोधते आहे हे कळल्यावर त्यांच्या बायकोने, रुक्माकाकूंनी, तिला दाराशी थांबवून हळूच विचारलं, "आमचीच घे ना वं. उभी राहून राहून खराब होऊन राहिली."

रेणूला हवी तशीच गाडी होती, तरी ती नाही म्हणाली. भय्याजी डावा पाय खाली दाबण्याचा व्यायाम रोज कशासाठी करतात, हे तिला ठाऊक होतं. तिने टाचेखाली उशी ठेवली की ते म्हणत, हा क्लच. ही गाडी अंगणातून गेली तर ते पाय उचलतील कशासाठी?

पण काकूंनी भय्याजींनाही विचारलं असावं. पुढच्या खेपेला ते कपडे घालून तयार बसले होते. मले गाडीत बसव, म्हणाले. दोघींनी धरून त्यांना स्टिअरिंगपाशी बसवलं. त्यांनी डावा पाय पेडलवर ठेवला आणि जोर लावला. पेडल किंचित खाली गेलं आणि परत वर आलं. पुन्हा लावला. कपाळावर घाम आला. रेणूच्या तोंडावर 'होईल काका, हळूहळू' असं आलं होतं, पण तिने ते गिळलं. एवढ्या महिन्यांत ती त्यांच्याशी खोटं बोलली नव्हती.

हाताने पाय पेडलवरून उचलून घेत ते म्हणाले, "मले बाजूच्या सीटवर बसव. तू चालव."

उतईच्या रस्त्याने ती निघाली. भय्याजी अडखळत, शब्द शोधत एकेक गोष्ट सांगत गेले. एसी उन्हाळ्यात दम टाकतो. ब्रेक मारला की गाडी जराशी डावीकडे जाते. मागचे टायर बदलावे लागतील. काही म्हणजे काही लपवलं नाही. एका गावाशी त्यांनी थांबायला सांगितलं, काच खाली केली आणि धान कापलेल्या शेतांकडे बघत राहिले.

"तुले काय वाटते, बेटा," त्यांनी विचारलं, "माह्या पायाचं?"

"चालाल तुम्ही, काका. काठी घेऊन. गाडीचं मात्र मले नाही वाटत."

त्यांनी मान हलवली. "मंग घेऊन जा."

गाडी घेतल्यावर दोन आठवडे त्यांनी व्यायामाला हात लावला नाही. रेणू यायची, ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ती नुसतीच त्यांचा पाय चोळून द्यायची आणि निघायची. आपण चूक केली असं तिला उतईच्या रस्त्यावर, अंडा गावाच्या रस्त्यावर सारखं वाटत राहायचं. गाडी मात्र सुरेख चालत होती. कंबरही दुखेनाशी झाली होती.

मग एका सकाळी ती आली तर भय्याजी काठी धरून पलंगाच्या कडेला बसले होते. नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत जायचं आहे, म्हणाले. त्या दिवशी ते फाटकापर्यंतच पोचले. तिथे दम खात दोघं उभी राहिली, आणि रुक्माकाकूंनी चहा तिथेच आणून दिला.