ते वाक्य माझं होतं

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. शिकले चौथीपर्यंत, चार माणसांत माझं तोंड उघडत नाही — पण लाजणं वेगळं आणि मी केलं ते वेगळं.

सीमेवर लढाई सुरू होती तेव्हाची गोष्ट. आमच्या अकोल्याच्या बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने चालणारं ग्रंथवाचन चालू होतं. माझी शेजारीण विमलबाई रोज संध्याकाळी वाचायची, आम्ही ऐकायचो. त्या दिवशी शाक्य आणि कोलियांचं भांडण आलं. नदीच्या पाण्यावरून दोन राज्यं लढायला निघालेली, आणि भर सभेत सिद्धार्थ एकटा 'नको' म्हणाला.

घरी येताना मी विमलबाईला म्हटलं, "आपण रोज भवतु सब्ब मंगलं म्हणतो. सब्ब म्हनजे सगळे ना? त्यात तिकडचे लेकरं येत नाईत काय?"

हो, हे मी म्हटलं. मीच.

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर तिनं ते सगळ्यांपुढे मांडलं — दोन्ही देशांत मेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांत बसू. विहाराचे अध्यक्ष भडकले. "आपले जवान मरून राहिले आन् तुमी दुश्मनासाठी बसता काय? कोनं भरवलं हे डोक्यात?"

विमलबाईनं माझ्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, फक्त पाहिलं. मी पदर सारखा करायला लागले. पदर सारखाच होता. 'मी' एवढंच म्हणायचं होतं — काय लागलं असतं?

मागून एक बाई म्हणाली, "विमलबाई, तिकडंच राहाले जा आता." बाया हसल्या. मीही हसले.

तिचं वाचन बंद केलं. तिच्या जागी कोणाला बसवलं? मला. मी बसले. आश्विन पौर्णिमेपर्यंत वाचलं. आवाज चांगला आहे म्हणायचे, तेव्हा बरं वाटायचं — तेही लिहिते. विमलबाई विहारात यायची थांबली, मग मुलाकडे अमरावतीला गेली. इथं तिला अजून 'दुश्मनवाली' म्हणतात.

टीव्हीवर सध्या दुसऱ्याच देशांची लढाई चालू आहे. त्यांचं राजकारण मला कळत नाही. पण त्यांच्याही सभांत माझ्यासारखे बसत असतील ना — लढाई नको हे मनात असलेले, आणि विचारलं की खाली पाहणारे?

येत्या आषाढ पौर्णिमेला वाचन पुन्हा सुरू होईल. ग्रंथ उघडण्याआधी मी उभी राहून सांगणार, की ते वाक्य माझं होतं. अध्यक्षांसमोर, सगळ्या बायांसमोर. मग अमरावतीला जाऊन विमलबाईला सांगणार, की मी सांगितलं — आणि किती उशिरा सांगितलं. तिनं दार लावून घेतलं तर घेईल.