तीनशिंगीचं पाकीट

त्याला सगळी गल्ली पाकीटमार म्हणायची. आयुष्यात कुणाच्या खिशाला बोट लावलेलं नाही बिचाऱ्याने, पण नाव पडलं ते पडलंच. चष्म्याच्या दुकानात नवं गिऱ्हाईक शिरलं, की शेजारचा पेंटर फूटपाथवरून ओरडायचा, "खिसा सांभाळा हो, आत काचा घासायला पाकीटमार बसलाय!" आणि गिऱ्हाईक खरंच खिसा चाचपायचं.

पाकिटं म्हणजे टपालाची. जगातल्या कुठल्याही देशाने डायनासोरचं तिकीट काढलं, की ज्या दिवशी ते निघेल त्याच दिवसाचा शिक्का बसलेलं पाकीट याला हवं. फर्स्ट डे कव्हर. तेही छापील चित्राचं नव्हे. छापील काय, कुणीही जमवेल. याच्या पाकिटावर डाव्या अंगाला हाताने रंगवलेला डायनासोर पाहिजे. म्हणून सगळा उलटा खटाटोप. आधी कोऱ्या पाकिटावर पेंटरकडून चित्र काढून घ्यायचं, मग ते दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून त्या देशाच्या टपालखात्याला पाठवायचं, आणि तिकडे ते तिकीट लावून, शिक्का मारून परत कधी धाडतात याची वाट बघत बसायचं. कधी तीन महिने, कधी चौदा. सतरा वर्षांत सव्वीस आली, पाच गेली ती गेलीच. गेलेल्या पाचांच्या तारखा त्याला तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची बोलणी कधी फिसकटली ते विचारा, आठवणार नाही.

राहायला तो ताईकडे. आई गेली तेव्हा हा दीड वर्षाचा आणि ताई चौदाची. तिनेच त्याला भरवलं, शाळेत ओढत नेलं, आणि स्वतःचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला तोंडावर सांगितलं, "हा माझ्याबरोबर येणार. आधी कळलेलं बरं." दाजी तेव्हा हो म्हणाले, ते आजतागायत हो म्हणताहेत.

पण पाकिटांचा विषय निघाला की ताईचा आवाज चढायचा. "पालींची पाकिटं" म्हणायची ती. "पाली बघायला परदेशातनं कशाला मागवायच्या? मोरीत फुकट आहेत." सतरा वर्षांत तिने एक पाकीट हातात घेऊन पाहिलं नव्हतं. तिने एकदा बघावं, शिव्या देत का होईना पण बघावं, एवढंच त्याला वाटे. बोलून दाखवायची मात्र छाती नव्हती.

मग मोठ्या पोस्टात तिकिटांचं प्रदर्शन ठरलं आणि याला एक अख्खी काचेची पेटी मिळाली. पेपरात दोन ओळी आल्या. ताईने चष्मा लावून त्या दोनदा वाचल्या. "पेपरात आलंय म्हणजे जायलाच हवं," ती म्हणाली. "नाहीतर लोक म्हणतील, बहिणीला कौतुक नाही."

शनिवारी दुपारी तो पेटीसमोर इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. आधी आला पेंटर. सव्वीस पाकिटांवरून नजर फिरवली आणि तोंडावर हात धरून हसायला लागला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही रे. सगळी मंडळी एका रांगेत पहिल्यांदाच बघतोय."

"कसली मंडळी?"

पेंटरने हात खाली घेतला. "तुला खरंच कळलं नाही? इतकी वर्षं? लेका, दुनियेला चष्मे देतोस तू!" मग त्याने काचेवर बोट ठेवलं. "हा टी-रेक्स बघ. जबडा केवढा, आणि हात केवढेसे? पगाराच्या दिवशी आखडतात ते. कोण?"

पाकीटमाराने वाकून पाहिलं. त्याचे शेठ होते. सोन्याचा दात सोडला, तर हुबेहूब शेठ.

"आणि हा लांब मानेचा, शेजाऱ्याच्या आवारात डोकावणारा? तुझे दाजी. अरे, मी डायनासोर कधी पाहिलाय? धड पुस्तकातनं उचलायचं, पण चेहरा कुठनं आणू? रविवारी तुमच्याकडे चहाला यायचो, समोर दिसेल तो लावून टाकायचो."

पाकीटमार पेटीवर आणखी वाकला. "आणि... ताई?"

पेंटरने बोट मधल्या रांगेत नेलं. तिथे तीनशिंगी होती. म्हणजे ट्रायसेरटॉप्स, पण लाडाने तो तिला तीनशिंगीच म्हणायचा. सव्वीसांतलं त्याचं सगळ्यात जिवाचं पाकीट. समुद्रातल्या एका टिचभर देशातून चौदा महिन्यांनी परत आलेलं, तिकिटावर शिक्का असा गोल आणि स्वच्छ बसलेला, की जणू कंपासने काढलाय. डोक्यामागे उभारलेली झालर, नाकावरून वर रोखलेले डोळे, 'आता काय नवीन?' असं विचारणारी पुढे आलेली हनुवटी. रोज सकाळी तो ज्या चेहऱ्याच्या हातचा चहा घ्यायचा, तो चेहरा.

"आणि तिच्या पायाशी," पेंटर म्हणाला, "अंड्यातनं अर्धा बाहेर आलाय, बाहेर पडू का नको असं तोंड करून. हा कोण?"

"कोण?"

"अरे देवा," पेंटर म्हणाला.

पाकीटमार धावत काउंटरवर गेला. पेटी उघडून एक पाकीट काढायचंय, म्हणाला. कारकुनाने मान वर केली नाही. "चावी पोस्टमास्तरांकडे. ते पाहुण्यांना पोचवायला गेलेत. पाचला येतील."

"वरून कागद तरी टाकू का?"

"काचेवर? प्रदर्शन आहे हो हे, झाकायचं कशाला?"

तो वळला, तर दारातून ताई येत होती. मागे दाजी, पिशवी घेऊन.

दाजींनी आधी टी-रेक्स पाहिला आणि पिशवी खाली ठेवून हसले. "अगं, हा याचा शेठ बघ!" मग पुढे सरकले. "हा लांब मानेचा पण भलताच भोचक दिसतो हं. कोण म्हणायचा?"

"आरसा बघत चला जरा," ताई म्हणाली. ती हसत होती! दाढ दुखणारा शेजारी, समोरची विमावाली, एकेक ओळखत ती रांगेने पुढे येत होती, आणि पाकीटमार पेटीच्या कोपऱ्याला धरून उभा होता. पोटभर हसू दे, आणि इथेच दमू दे, असं त्याच्या मनात चाललं होतं.

ती मधल्या रांगेशी आली आणि थांबली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ही..." ताई म्हणाली. "ही तर आई आहे."

पाकीटमाराने पेटीचा कोपरा सोडला.

"अशीच बघायची. कामातनं मान वर करून. हनुवटी तर तीच! मी बाबांवर गेले, म्हणून माझ्यात काही उतरलं नाही तिचं." तिने काचेला हात लावला. "आणि हे अंड्यातलं... हा तू रे. ती गेली तेव्हा एवढासाच होतास." मग ती पेंटरकडे वळली. "पण तुम्ही आईला पाहिलं कधी?"

पेंटरने तोंड उघडलं. पाकीटमाराने त्याच्या पायावर टाच दिली. जोरात.

"नाही... म्हणजे... आपोआप उतरलं हातातनं," पेंटर कळवळून म्हणाला.

"घरात तिचा एक फोटो नाही," ताई म्हणाली. "काढलाच नाही कुणी." आणि ती बाकावर जाऊन बसली. पाच वाजता पोस्टमास्तर आले, पेटी उघडली, तोवर ती हलली नाही. भावापुढे तिने हात केला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याकडे काही मागत होती. त्याने पाकीट तिच्या हातात ठेवलं.

रविवारी सकाळी ताईने भिंतीवरची फ्रेम काढली. तीत दाजींचं निवृत्तीचं पोस्टकार्डाएवढं मानपत्र होतं. "हे कपाटात ठेवते," ती म्हणाली. दाजी हो म्हणाले. फ्रेमच्या मापाला पाकीट लांब होत होतं. उजवीकडचं तिकीट आणि शिक्का बाहेर राहत होता. ताईने कात्री आणली.

"मी मोठी फ्रेम आणतो, ताई. आत्ता जाऊन आणतो."

"मोठी कशाला? आईच्या शेजारी हे तिकीट आणि हा काळा शिक्का बरा दिसतो का? फोटो आहे तो, पार्सल नाही." तिने कात्री लावून पाहिली आणि मागे घेतली. "छे, वाकडं जाईल. तूच काप. काचा घासून घासून तुझा हात बसलाय."

कात्री त्याच्या हातात आली. पाकीट वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं. ताई, ही आई नाही, तू आहेस. पाकीट वाचलं असतं, आई मात्र दुसऱ्यांदा गेली असती, आणि या खेपेला त्याच्या हातून. शिवाय तीन शिंगांचा हिशेब द्यावा लागला असता तो वेगळाच. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजी खिडकीबाहेर मान काढून कुणाचं तरी भांडण ऐकत होते.

ताई फ्रेमच्या काचेवर तोंडाने वाफ धरून ती पदराने पुसत होती. "कापलंस का?"

"कापतोय," तो म्हणाला, आणि शिक्क्याच्या कडेला धक्का न लावता, एका रेषेत, वरपासून खालपर्यंत कापलं.

ताईने चित्र फ्रेममध्ये बसवलं, मागचे खिळे दाबले आणि दूर धरून पाहिलं. मग टेबलावरचा उरलेला तुकडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला आणि वरून त्याची बोटं मिटवली, लहानपणी सुटे पैसे देताना मिटवायची तशी.

"तिकीट ठेव तुला," ती म्हणाली. "तुला तिकिटंच आवडतात ना?"

"हो, ताई," तो म्हणाला.