डब्यातला फोन

“मालक, नवी बॅटरी घातली म्हणालात, आन् आज दुपारी तीनला फोन परत मेला की!”

बसप्पामामांनी फोन काउंटरवर आपटला. मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात. माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान तिथून जवळच. त्यांची मुलगी मंगळवेढ्याला, दिवस भरलेले. जावयाचा कॉल कधीही येईल, आणि मामांचा फोन रोज दुपारी बंद.

“पोरगी तिकडं दवाखान्यात, आन् बापाचा पत्ता न्हाय, आसं हुईल. लई जीव टांगणीला लागलाय बगा.”

मी वाय-फाय, ब्लूटूथ बंद केलं. ही दोन्ही चालू असली की फोन सारखा आसपास कनेक्शन शोधत बसतो, त्यात चार्जिंग जातं. फोन एक दिवस दुकानात ठेवून घेतला; जावयाचा कॉल आला तर धावत येऊन सांगतो म्हटलं. संध्याकाळी साठ टक्के शिल्लक. दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेला, तर तीनला गार!

“तुमच्याकडं बरा चालतोय. माज्यावरच राग हाय त्याचा,” मामा म्हणाले.

शेवटी मीच कारखान्यात गेलो. मागांचा खडखडाट, हवेत सुताची धूळ.

“फोन ठेवता कुठे?” मी ओरडून विचारलं.

मामांनी अभिमानाने स्टीलचा डबा दाखवला. झाकण घट्ट. “धूळ जाती की आत! तासातासाला उगडून बगतो.”

मी कपाळावर हात मारला. वर पत्र्याचं छत, त्यात स्टीलचा डबा. रेंज पोचणार कुठून? रेंज नसली की फोन सगळी ताकद लावून टॉवर शोधतो. बॅटरी त्यातच संपत होती.

आणि एकदम बाबा आठवले. तेही मागावरच होते. जेवणाच्या सुट्टीत ऐकायला छोटा रेडिओ न्यायचे. धूळ लागू नये म्हणून आईने जुन्या लुगड्याची पिशवी शिवली होती. ती खिडकीच्या खिळ्याला टांगलेली असायची. “डब्यात घातला की गप्प बसतो रे. त्याला मोकळं लागतं,” बाबा सांगायचे. डिप्लोमा केलेला मी ते साफ विसरलो होतो.

तो रेडिओ अजून दुकानात आहे, त्याच पिशवीत. रेडिओ काढून ठेवला आणि पिशवी मामांना दिली. “फोन यात घाला आणि खिडकीला टांगा,” म्हणालो.

चौथ्या दिवशी मामा पेढे घेऊन हजर. “मागात रिंग कुटली ऐकू येती? पर पिशवीतनं उजेड दिसला. पळतच बाहेर गेलो. नात झाली, मालक!”

“आणि पिशवी?”

“ती ऱ्हाऊ द्या की माज्याकडं.”

राहू दिली. आता बॅटरीची तक्रार आली की स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी विचारतो, “फोन ठेवता कुठे?” बाबांनी हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं.